आवडीचे व्याकरण

दिवाळीच्या फराळाभोवती जे प्रश्न दरवर्षी न चुकता विचारले जातात, त्यांत "तुला काय आवडते?" हा सर्वांत सोपा. चिवडा, चकली, करंजी, अनारसा. बोट दाखवावे आणि मोकळे व्हावे. चार वर्षांच्या पोरालाही त्याचे उत्तर देता येते. पण याच प्रश्नात एक शब्द अधिक घालून "तुला काय करायला आवडते?" असे विचारून पाहा. चाळिशी उलटलेला गृहस्थही क्षणभर घुटमळतो, चष्मा पुसतो आणि मग "वाचन" असे काहीतरी पुटपुटतो.

असे का व्हावे? करंजी ही वस्तू आहे. ती ताटात असते, आपण तिच्याकडे पाहू शकतो, उद्यासाठी डब्यात ठेवू शकतो. कृती ताटात वाढता येत नाही. पोहून झाल्यावर पोहणे कोठे राहते? विहिरीत नाही आणि अंगावरच्या ओल्या पंचातही नाही. कृती घडते आणि सरते. तिच्याविषयी "ही मला आवडते" असे म्हणायचे, तर तिला क्षणभर थांबवून वस्तूसारखी समोर मांडावी लागते. हे काम आपल्यासाठी भाषा करते. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला धातूपासून नाम साधणे म्हणतात आणि शाळेत आपण ते पाच गुणांसाठी पाठ करतो. त्या पाच गुणांमागे कसे जगावे याविषयीचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो सणाच्या निवांतपणी उलगडून पाहण्याजोगा आहे, असे मला वाटते.

परकी भाषा शिकताना असल्या गोष्टी चटकन नजरेस येतात. आपल्या भाषेत त्या पायाखालच्या वाटेसारख्या दिसेनाशा होतात. मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क भागात, आमच्याच मजल्यावर, एक मुलगी सध्या जपानी शिकते आहे. २०२१ च्या जानेवारीत भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांसंबंधी सहकार्याचा करार झाला. वृद्धांची शुश्रूषा हे त्यात मोडणाऱ्या कामांपैकी एक. त्या कामासाठी तिला जायचे आहे, म्हणून भाषेची तयारी चालते; आणि भिंती पातळ असल्यामुळे ती तयारी आम्हा सर्वांचीच होते. तिच्या धड्यातले एक वाक्य असे: "होन ओ योमु नो गा सुकि देसु." मला पुस्तके वाचायला आवडतात.

वाक्य साधे आहे, पण त्याची घडण पाहण्यासारखी आहे. "योमु" म्हणजे वाचतो किंवा वाचते. हे जिवंत क्रियापद. ते जसेच्या तसे आवडीच्या शब्दापुढे बसत नाही. त्याला आधी "नो" हे इवलेसे शेपूट लावावे लागते. मग ते नाम होते, त्याला "गा" हा प्रत्यय लागतो आणि पुढे "सुकि" येते. "सुकि" हे क्रियापद नव्हे. "प्रिय" यासारखा तो एक गुण सांगणारा शब्द आहे. शब्दशः पाहिले तर वाक्याचा अर्थ "पुस्तक वाचणे प्रिय आहे" एवढाच. "मी" आहे कोठे? बहुधा नाहीच. प्रसंगावरून तो समजून घ्यायचा असतो.

"नो" ला एक भावंडही आहे: "कोतो", म्हणजे गोष्ट, बाब. पुष्कळ ठिकाणी दोन्ही चालतात, पण सगळीकडे नाही. कोणी गाताना ऐकले, कोणी येताना पाहिले, असे जिथे कृती डोळ्यांपुढे घडत असते, तिथे "नो" च लागतो. आणि "माझा छंद म्हणजे वाचणे" असे छंदाचे नाव सांगून वाक्य पुरे करायचे असेल, तर तिथे "कोतो" लागतो. "नो" चालत नाही. जणू पहिल्यात कृतीची ऊब अजून शिल्लक असते आणि दुसऱ्यात ती निवून तिची वडी पडलेली असते.

आपल्याकडे तर तीन पायऱ्या आहेत. "मला वाचायला आवडते" असे म्हणताना माणसाचा हात अजून पुस्तकाकडे चाललेला असतो. "मला वाचणे आवडते" यात तो हात थांबतो. आणि "मला वाचनाची आवड आहे" येथवर आले, की पुस्तक मिटून कपाटात गेलेले असते आणि कपाटाच्या काचेवर आपलेच प्रतिबिंब दिसू लागते. तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. पण पहिल्यापासून तिसऱ्याकडे जाताना क्रिया हळूहळू विझत जाते. तिसरे वाक्य तर ज्याने गेल्या दहा वर्षांत वर्तमानपत्रापलीकडे काही उघडले नाही, त्यालाही बिनदिक्कत म्हणता येते. त्यात काळ नाही, कर्ता नाही, केल्या न केल्याचा हिशेब नाही. "मी रोज रात्री वाचतो" हे वाक्य खोटे ठरू शकते. "मला वाचनाची आवड आहे" याला खोटे ठरवणार कोण?

लग्नाच्या स्थळांची माहिती चाळून पाहा. जन्मतारीख, उंची, शिक्षण आणि मग "छंद: वाचन, संगीत, प्रवास." ही तीन नामे इतक्या कागदांवर इतक्या वेळा उमटली आहेत, की त्यांत दोन माणसांना वेगळे ओळखण्याची शक्ती उरलेली नाही. कोणी "मला रात्री गच्चीवर जाऊन एकट्याने शीळ घालायला आवडते" असे लिहिले, तर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी चपापतील हे खरे; पण निदान त्या मुलाची ओळख तरी पटेल. मराठीत "गाणे" हा शब्द मोठा लबाड आहे. तो क्रियाही दाखवतो आणि गायिलेली वस्तूही. "मला गाणे आवडते" म्हणणारा स्वतः गातो, की दुसऱ्याने गायिलेले ऐकत पलंगावर पडून राहतो, हे वाक्यावरून कळत नाही. "खाणे" या शब्दाचेही तेच. क्रियेचे नाम झाले, की ते विकत घेता येते, साठवता येते, मिरवता येते. आणि करायचे मात्र राहून जाते. आपल्या काळात आवडीनिवडींची जी प्रदर्शने दारोदारी मांडलेली असतात, त्यांत नामे उदंड आणि क्रियापदे दुर्मिळ.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, की मग ही नामे करण्याची खोडच वाईट. माणसाने मुकाट्याने करावे, आवडीनिवडीच्या गोष्टी बोलू नयेत. तसे मुळीच नाही. ज्या घरात क्रियेचे नाम कधी होतच नाही, तिथे काय होते, हेही पाहिले पाहिजे.

मागच्या पिढीतली एखादी गृहिणी डोळ्यांपुढे आणा. तिच्या आयुष्यात स्वयंपाक हा शब्द नेहमी क्रियापदाला बांधलेलाच आला: कर, केलास का, करीन, केला. पन्नास दिवाळ्यांच्या चकल्या तिने तळल्या. चकली कोणाला कशी आवडते हे तिला तोंडपाठ. मोठ्याला खुसखुशीत, धाकट्याला तिखट, पाहुण्यांना काट्यांची. पण "तुला चकल्या करायला आवडतात का?" हा प्रश्न तिला कोणी विचारला नाही, आणि तिनेही स्वतःला विचारला नाही. करणे तिच्यापासून कधी सुटे झालेच नाही. मग त्याच्याकडे पाहून हो किंवा नाही म्हणायचे कसे? क्रियेचे नाम करणे म्हणजे तिला हातभर दूर धरणे. त्या हातभर अंतरातच निवडीला जागा मिळते. ज्याला ते अंतर मिळत नाही, तो राबतो. आनंदाने राबत असेल, दुःखाने राबत असेल, त्याचे त्यालाही ठाऊक नसते. म्हणून कोणी तिला तो प्रश्न विचारला, तर ती कृपा करून हसण्यावारी नेऊ नये. उत्तर "नाही" असे आले, तर पुढच्या वर्षी झारा कोणाच्या हातात असावा, याचा विचार घराने करावा. प्रश्न विचारायचा आणि उत्तराचे ओझे उचलायचे नाही, ही नामाची दुसरी लबाडी होय.

नामाचा आणखी एक उपकार आहे, तो घरोघरच्या भांडणांत कामी येतो. "तू मला आवडत नाहीस" आणि "तुझे खोटे बोलणे मला आवडत नाही" ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात सगळा माणूसच नाकारला गेला. दुसऱ्यात "बोलणे" हे नाम मध्ये उभे राहिले आणि घाव त्याने झेलला. माणूस मागे सुखरूप राहिला; उद्या त्याने ते बोलणे टाकले, तर त्याला परत यायला वाट आहे. रागाच्या भरात आईबाप मुलांना जे बोलतात, त्यात एवढा एक "-णे" घालण्याचे भान राहिले, तरी पुष्कळ घरांतले अबोले टळतील. जपानी लोक तर याहून सावध. "किराइ", म्हणजे नावडते, हा शब्द त्यांना फार कडक वाटतो. त्याऐवजी ते पुष्कळदा "निगाते" म्हणतात. म्हणजे ते मला जमत नाही, माझ्या हातचे नाही. नावडीचा दोष वस्तूवर न टाकता तो आपल्या उणेपणाच्या खात्यावर घालायचा. यात थोडा शिष्टाचार आहे, थोडा आडपडदाही असेल. पण संसाराला दोन्ही लागतात.

आता मघाशी राहून गेलेल्या एका मुद्द्याकडे वळू: त्या वाक्यातला "मी" कोठे गेला?

आमच्या जिन्यावर पाचसहा भाषा नांदतात. मराठी माणूस "मला आवडते" म्हणतो, समोरचे गुजराती कुटुंब "मने गमे छे" म्हणते, खालच्या मजल्यावर "मुझे अच्छा लगता है" ऐकू येते, गोव्याकडची मंडळी "म्हाका आवडटा" म्हणतात, आणि केरळच्या बाई "एनिक्कु इष्टमाणु" म्हणतात. पाण्याच्या वेळेवरून यांची आपापसांत कितीही वादावादी होवो, आवडीच्या बाबतीत सर्वांचे व्याकरण एक आहे. कोणीच "मी" म्हणत नाही. सर्व जण "मला" म्हणतात. इंग्रज मात्र मोकळेपणाने "मी" पासून सुरुवात करतो, जणू आवडणे हे त्याने स्वतः केलेले एखादे काम आहे. कॉलिन मसिका या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७६ च्या आपल्या ग्रंथात दक्षिण आशियातल्या भाषांची जी सामाईक लक्षणे तपासली, त्यांत ही "मला" ची रचनाही आहे. भाषांची कुळे वेगळी, आणि तरी हा नम्रपणा सारखा.

आमच्याकडे ही गोष्ट फार जुन्या काळी ओळखली गेली. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात तेहतिसावे सूत्र आहे. रुचणे या अर्थाच्या धातूंच्या योगात ज्याला गोडी वाटते, त्याला संप्रदान म्हणावे, असे ते सांगते. टीकाकारांच्या उदाहरणात देवदत्त आहे आणि मोदक आहे. आणि रुचण्याचे काम करतो तो मोदक. देवदत्त चतुर्थीत बसलेला आहे. आता संप्रदान म्हणजे काय, ते शाळेत शिकल्याचे आठवा: ज्याला काही द्यायचे, तो. राजाने ब्राह्मणाला गाय दिली, यातला ब्राह्मण. त्या काटेकोर वैयाकरणाने दान घेणारा आणि आवड वाटणारा यांना एकाच पाटावर बसवले. आवडणे म्हणजे काहीतरी मिळणे. करंजी आपल्याला आवडावी, असा निश्चय आपण कधी केला नव्हता. एके दिवशी ती आवडली. पावसात भिजणे, जुनी पत्रे वाचणे, मुलांना शिकवणे, हिशेब जुळवणे यांची गोडीही अशीच आपल्या ओंजळीत पडलेली असते. तिच्यात आपले कर्तृत्व थोडे; म्हणून तिचा अभिमान धरण्याचे कारण नाही आणि दुसऱ्याच्या वेगळ्या आवडीला हसण्याचेही नाही.

पण मग एक अडचण येते. आवड जर नुसती मिळायचीच असेल, तर जे आवडत नाही ते माणसाने करूच नये काय? "मला आवडत नाही" एवढे म्हटले की कर्तव्यातून सुटका? आजकाल असे म्हणणारे भेटतात, आणि त्यांचा आवाज चांगला मोठा असतो. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो, की श्रेय आणि प्रेय ही दोन्ही माणसापुढे येतात आणि त्यांतून शहाणा श्रेय उचलतो. येणे दोघांचे; उचलणे माणसाचे. आवड येते; वाचतो, शिकवतो, तळतो, बसतो, उठतो ही क्रियापदे मात्र "मला" ची नव्हेत, ती "मी" ची आहेत. तिथे चतुर्थीच्या मागे लपता येत नाही.

शिवाय आवड नेहमी आधीच येते, असेही नाही. कित्येकदा ती करता करता मागाहून येते. रमाबाई रानडे यांचे उदाहरण घ्या. १८७३ साली अकराव्या वर्षी त्या रानड्यांच्या घरात आल्या, तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या शिकू लागल्या, त्या पतीच्या इच्छेवरून. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचत नव्हते आणि त्याचा जाच रमाबाईंना सोसावा लागला. त्या पाटीपुढे बसलेल्या मुलीला कोणी तिची आवड विचारली असती, तर ती काय बोलली असती, कोण जाणे! पण वाचत वाचत वाचणे तिचे स्वतःचे झाले. त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे करून इतर बायकांच्या शिक्षणाची वाट खुली केली आणि १९१० साली "आमच्या आयुष्यातील काही आठवणी" हे पुस्तक मराठीला दिले. अॅरिस्टॉटलचेही म्हणणे याच वळणाचे आहे: न्यायाची कृत्ये करता करता माणूस न्यायी होतो, आणि ती करताना त्याला आनंद वाटू लागला की तो गुण अंगी मुरला असे समजावे. आनंद ही खूण; सुरुवात कृतीची.

आमच्या मजल्यावरच्या त्या मुलीच्या मुलाखतीच्या तयारीत आणखी एक वाक्य आहे: "ओतोशियोरी तो हानासु नो गा सुकि देसु." वयस्क माणसांशी बोलायला मला आवडते. एका संध्याकाळी ती ते पंधरा-वीस वेळा घोकत होती. खिडकीपाशी तिची आजी मीरा-भाईंदर रस्त्यावरची रहदारी पाहत बसली होती. आजीने विचारले, "अगं, केव्हाची एकच काय बडबडतेस? अर्थ तरी सांग." मुलीने अर्थ सांगितला. आजी म्हणाली, "छान आहे हो." आणि पुन्हा रस्त्याकडे पाहू लागली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो लागला असावा. मुलीने वही मिटली आणि ती आजीशेजारी जाऊन बसली. पुढे अर्धा तास पलीकडून जपानी ऐकू आले नाही. पूर्वी त्या भागात पसरलेल्या मिठागरांच्या, आणि कोणा एका हरवलेल्या छत्रीच्या गोष्टी तेवढ्या ऐकू येत होत्या.

त्या मुलीचे वाक्य खोटे होते असे मी म्हणणार नाही. ते अजून पुरे झाले नव्हते, इतकेच. क्रियेचे नाम करून आपण तिला समोर ठेवली, तिच्यावर आवडीची मोहोर उमटवली, हे ठीक; पण ती मोहोर खरी करायची तर त्या नामाचे पुन्हा क्रियापद करावे लागते. "बोलणे आवडते" याची खातरजमा "बोलते" मध्ये होते. म्हणून कोणी आपली आवड सांगितली, की मनात एकच साधा प्रश्न विचारावा: शेवटचे केव्हा केले होते? हा प्रश्न दुसऱ्याला विचारला तर भांडण होईल. स्वतःला विचारलेला बरा. उत्तर "फार दिवस झाले" असे आले, तर लाजून जाण्याचे कारण नाही. चार दिवस सुट्टीचे आहेत. पेटी वाजवण्याची आवड असेल, तर तिच्यावरची धूळ झटकावी. पत्र लिहिण्याची असेल, तर एक लिहावे. आणि नुसते माणसांत बसण्याची असेल, तर घरातच कोणी खिडकीपाशी बसलेले आहे का, ते आधी पाहावे.

धातूंची नामे करणाऱ्या आपल्या भाषेने एक नाम मोठे दुहेरी करून ठेवले आहे: "देणे." गोड गळ्याला आपण देवाचे देणे म्हणतो, आणि वाण्याची राहिलेली बाकी हेही देणेच. आवड ही दोन्ही अर्थांनी देणे आहे. ती मिळते तेव्हा आपण चतुर्थीत बसून हात पुढे करतो. आणि मिळाल्यानंतर, पाटावरून उठून, ती आपल्याला फेडायची असते.